नातवाच्या नावापुढची सही

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघे, झोप, रक्तदाब आणि साखर यांभोवती फिरतात. या वेळी जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातून एका आजोबांचे पत्र आले आहे आणि त्यात त्यांनी स्वतःच्या प्रकृतीविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. दिवाळी सरली आणि मुलगा व सून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले. लहानगा नातू आजी-आजोबांपाशी राहिला. काही दिवसांनी बालकांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या एका पथकातील दोन तरुण मुले घरी आली. त्यांनी नातवाचे वजन केले, उंची मोजली, दंडाला रंगीत पट्टी लावली, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. पुढच्या खेपेस शिरेतून थोडे रक्त घ्यावे लागेल आणि त्यानंतर सहा महिने रोज एक चमचा औषध द्यावे लागेल असे सांगून त्यांनी बाटली ठेवली आणि तीन पानी कागद पुढे केला. आजोबांनी सही केली. “पोरं बोलायला चांगली होती, चहा घेऊन गेली,” असे ते लिहितात, आणि पुढे तीन गोष्टी विचारतात. हे सारे कोणासाठी? शेजारच्या मुलाच्या बाटलीवर निराळी खूण का? आणि आपण सही केली, यात काही वावगे तर झाले नाही ना?

आजोबा, आपण विचारलेत हे फार बरे केले. आपल्यासारखी हजारो वडीलधारी माणसे आज मराठवाड्यातील ओसऱ्यांवर नातवंडे सांभाळीत बसली आहेत. म्हणून हे उत्तर पत्राने न धाडता सदरातून सविस्तर देतो.

पहिला प्रश्न पहिल्यांदा घेऊ. आपला नातू जन्मला तेव्हा गावातील आशाताई घरी आल्या असतील. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी येणे अपेक्षित असते. बाळाला झोळीच्या काट्यात घालून त्या वजन घेतात, काखेत तापमापक लावतात, अंगावर दूध कसे ओढते ते पाहतात, मिनिटभर छातीकडे टक लावून श्वास मोजतात. या भेटी एखाद्या कचेरीत बसून कोणी ठरविल्या, असे आपल्याला वाटत असेल. त्यांचे मूळ गडचिरोलीच्या खेड्यांत आहे आणि ती खेडी जर संशोधनात सहभागी झाली नसती, तर घनसावंगीच्या आपल्या घरी त्या ताई आल्या नसत्या.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि दवाखाना दूर होता. तेव्हा गावातीलच कार्यकर्ते आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकवावे आणि त्याने खरोखर मृत्यू कमी होतात का हे पाहावे, असा अभ्यास १९८८ मध्ये सुरू झाला. अडचण साधीच होती. न्यूमोनिया ओळखायचा तो मिनिटातले श्वास मोजून, आणि अनेक सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. म्हणून वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे यंत्र तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, तर बाळ आजारी. ज्या बाईने आयुष्यात पाटी हाती धरली नाही, तिच्या हातून नेमके निदान होऊ लागले. या अभ्यासाचा निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावांत हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

(जाता जाता, नातवंडे सांभाळणाऱ्यांनी हे आकडे पाठच करावेत. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये.)

त्यानंतरचा अभ्यास नवजात बालकांचा. गडचिरोलीतील ३९ गावांत, थोडेफार शिक्षण झालेल्या गावातीलच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडल्या गेल्या. १९९५ ते १९९८ या काळात त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, बाळाला ऊब कशी द्यावी हे शिकवले आणि जंतुसंसर्ग झाल्यास औषधोपचारही केले. पहिल्या महिन्यात मरण पावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हे जगापुढे आले. मग महाराष्ट्रातील आणखी सात ठिकाणी आणि पुढे इतर राज्यांत तसेच प्रयोग झाले, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजाताच्या गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून आपल्या देशात आशाताईंच्या भेटी सुरू झाल्या.

यातील ४७ गावांविषयी थोडे थांबून बोलावेसे वाटते. त्या गावांत बाळे जन्मत होती, मरत होती, आणि कोणीतरी येऊन नोंद घेत होते. लाभ मिळाला तो दुसऱ्या गावांना. तुलना केल्यावाचून औषधाचा गुण कळत नाही हे शास्त्र खरे. पण त्या घरांतील आजी-आजोबांनी दुःखाच्या प्रसंगी दारात आलेल्या माणसाला बसायला पाट दिला आणि बाळ कसे गेले ते सांगितले, म्हणून ती तुलना होऊ शकली. संशोधनाच्या इतिहासात या माणसांची नावे कोठेही नसतात. आपल्या नातवाला मिळालेल्या सहा भेटींत त्यांचाही वाटा आहे, इतके आपण मनात ठेवावे.

दुसरे उदाहरण पुण्याजवळचे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा खेड्यांतील स्त्रियांची नोंद करून त्यांच्या गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. त्या खेड्यांतील नवजात बाळे सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोंची. आपली बाळे हाडापेराने लहान, स्नायूंनी कृश, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. ‘दिसायला बारीक, आतून चरबीदार’ अशी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे नेते का, हे पाहण्यासाठी तीच मुले वर्षानुवर्षे तपासली गेली. मातेच्या आहारातील ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचा मुलांच्या प्रकृतीशी संबंध दिसू लागला, आणि ती मुले वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो याची पाहणी सुरू झाली. १९९३ नंतर पाळण्यात असलेली बाळे स्वतः आई-बाप झाली तरी अभ्यास चालूच राहिला. इतक्या वर्षांत घरातील म्हाताऱ्या माणसांनी ‘पुन्हा कशाला आलात’ म्हणून दार लावले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. आपल्या पिढीला पन्नाशीत मधुमेह का गाठतो, या प्रश्नाचे एक टोक त्या पाळण्यांत सापडले.

आता बाटलीवरच्या खुणेचे. आपल्या जालन्याला बियाण्यांची नगरी म्हणतात, तेव्हा बाजरीचा दाखला देतो. लोहाचे प्रमाण अधिक असलेले बाजरीचे वाण तयार झाले, परंतु ती बाजरी खाऊन मुलांच्या अंगी लोह खरेच भरते का, हा प्रश्न उरला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने भाकरी आणि शेव देण्यात आली. काही मुलांना लोहयुक्त बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. कोणाला कोणती, हे गुरुजींच्या मर्जीने ठरले नाही, पालकांच्या ओळखीनेही नाही. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. तसे केले नसते, तर सधन घरची मुले एका पंगतीत आणि गरिबांची दुसरीत बसली असती आणि फरक बाजरीचा की घरच्या दुधातुपाचा, हे कळलेच नसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लोहाची उणीव असलेली मुले लोहयुक्त बाजरीने अधिक प्रमाणात सुधारली.

तेव्हा शेजारच्या बाटलीची खूण निराळी असेल, तर बहुधा असाच प्रकार असावा. पक्षपात नव्हे. परंतु ‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. तो पुसण्याचे काम पथकाचे आहे. दोन बाटल्यांत काय काय असू शकते, एकीत नुसते साखरेचे पाणी आहे का, आपल्या मुलाला दुसरी मिळाली तर त्याचे काही नुकसान होईल का आणि औषध गुणकारी ठरल्यास शेवटी सर्वांना मिळेल का, हे चारही प्रश्न त्यांना विचारावेत. ‘तुम्हाला समजणार नाही, बाबा’ असे कोणी म्हणालेच, तर दोष ऐकणाऱ्याच्या वयाचा नाही, सांगणाऱ्याच्या तयारीचा आहे.

येथे आपल्याच बाजूच्या काही गोष्टी सांगणे भाग आहे. मराठवाड्यातील दवाखान्यांत नोकरी करताना मी अशा पाहण्यांच्या निमित्ताने पुष्कळ ओसऱ्यांवर बसलो आहे. प्रश्न सुनेला विचारला जातो आणि उत्तर सासूबाईंच्या चेहऱ्यावर शोधले जाते, हे दृश्य नित्याचे. “बाळाला पहिला चीक पाजला का?” सून सासूबाईंकडे पाहते आणि “हो” म्हणते. प्रत्यक्षात तीन दिवस मध आणि गुळाचे पाणी चाललेले असते. कोणाला खोटे बोलायचे नसते. घराची अब्रू राखायची असते. परंतु शंभर घरांत असे शंभर ‘हो’ जमा झाले, की कागदावर सर्व बाळांना चीक मिळालेला असतो, बाळे मात्र आजारी पडतच राहतात, आणि संशोधक कारण भलतीकडे शोधत बसतात. म्हणून आज्यांना माझी विनंती आहे. सुनेला प्रश्न विचारले जात असताना थोडा वेळ नातवाला घेऊन अंगणात जावे. ते जमत नसेल, तर आपणच आधी सांगावे, “आमच्याकडे मध चाटवला, आमची तशी रीत होती.” आजीने असे म्हटले की सुनेची जीभ मोकळी होते.

(आणि ती रीत आता सोडावी. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. त्यातून क्वचित, पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.)

वयाचेही तसेच. आपल्याला नातवाची जन्मतारीख नेमकी आठवत नसेल, तर अंदाजे दोन वर्षे म्हणून मोकळे होऊ नये. फरक किती पडतो पाहा. ८० सेंटिमीटर उंचीचा मुलगा वीस महिन्यांचा असेल, तर त्याची उंची जागतिक प्रमाणात बसते. तोच सव्वीस महिन्यांचा असेल, तर तो खुरटलेला ठरतो. सहा महिन्यांच्या चुकीने निरोगी मूल कुपोषित आणि कुपोषित मूल निरोगी म्हणून लिहिले जाते. चांगले सर्वेक्षक म्हणूनच सण, पाऊस, यात्रा यांची यादी बरोबर बाळगतात. पोळ्याच्या आधी की नंतर, तूर काढली तेव्हा पोर रांगत होते का, हे सून विसरेल, आजी विसरत नाही. अंगणवाडीतील वजन-उंचीचे ते तक्तेसुद्धा अशाच कुटुंबांनी दिले आहेत. १९९७ ते २००३ या काळात दिल्लीसह सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुले मोजून ते तयार झाले.

सर्वांत अवघड उत्तर असते ते गेलेल्या बाळाविषयीचे. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांतील जन्म आणि बालमृत्यू मोजले होते, आणि सरकारी दप्तरात न आलेले पुष्कळ मृत्यू त्यांना सापडले. त्यात आश्चर्य नव्हते. कोणत्या घरी डोहाळजेवण झाले आणि त्या घरी पुढे पाळणा हलला की नाही, हे गावातील बाईला ठाऊक असते. दप्तराला ठाऊक नसते. त्या अहवालानंतर शासनाने बालमृत्यूंचे मूल्यमापन करण्यासाठी समिती नेमली, आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले, तेही आपल्या शेजारच्या औरंगाबादेतून. मोजणी झाली म्हणून हे घडले.

आपल्या जिल्ह्यात या मोजणीला आणखी एक छिद्र आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात ते उन्हाळ्यात परततात. फडावर, कोपीत, बैलगाडीत वा ट्रॅक्टरच्या वाटेवर जन्मलेले बाळ तेथेच गेले, तर त्याची नोंद कोणत्या गावाने करायची? कारखान्याचे गाव म्हणते ते आमचे नव्हे. आपले गाव म्हणते ते येथे जन्मलेच नाही. स्थलांतरित मातांची व बालकांची माहिती एका अंगणवाडीतून दुसरीकडे जावी यासाठी अलीकडे शासनाने व्यवस्था केली आहे, पण यंत्रात भरायला आधी कोणी सांगावे लागते. अशा बाळाची माहिती असणारे माणूस पुष्कळदा एकच असते. गावी राहिलेली आजी. आशाताई पुढे कधी विचारतील, तेव्हा ‘देवाने दिले, देवाने नेले’ एवढ्यावर न थांबता ती हकिगत सांगावी. किती दिवसांचे होते, दूध ओढत होते का, अंग गार पडले होते की तापले होते, दवाखाना किती दूर होता. सांगताना घशात आवंढा येईल. मी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतही पाणी पाहिले आहे.

आता सही.

आजोबा, नातवाच्या तोंडात घास आपण घालता, रात्री अंगावर पांघरूण आपण ओढता, तरीही मुलाला संशोधनात घेण्याची संमती देण्याचा अधिकार प्रथम आई-वडिलांचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ मध्ये बालकांवरील संशोधनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. धोका नगण्य असेल किंवा मुलाला प्रत्यक्ष लाभ संभवत असेल, तेथे बहुधा आई किंवा वडील यांपैकी एकाची संमती पुरते. धोका त्याहून अधिक आणि मुलाला थेट लाभ नाही, असे असेल तर दोघांची लागते. आई-वडील नसतील, तर कायद्याने मान्य असा पालक लागतो. मूल सात वर्षांचे झाले की त्यालाही त्याच्या भाषेत विचारावे लागते आणि त्याच्या ‘नको’ला किंमत असते. वाचता न येणाऱ्यापुढे कागद वाचून दाखवावा लागतो आणि त्या वेळी पथकाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो.

हे नियम कोरड्या शाईतून आलेले नाहीत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस सुमारे चोवीस हजार मुलींना देण्याचा एक प्रकल्प झाला. खम्ममला अनेक मुली वसतिगृहात होत्या. त्यांच्या आई-वडिलांना न विचारता वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्या. पुढे सात मुलींचे मृत्यू झाल्याचे निघाले आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध संभवनीय वाटला नाही आणि ती लस आज जगभर उपयोगात आहे. तिच्याविषयी मनात किंतु ठेवू नये. परंतु संमतीच्या प्रकारावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कठोर ताशेरे ओढले. अधीक्षकही मुलींचे वाईट इच्छिणारे नसतील. मुली त्यांच्या छपराखाली होत्या, म्हणून सही आपलीच, असे त्यांना वाटले असेल.

आपल्यालाही तसेच वाटले. म्हणून यात आपला अपराध नाही. मुलाचे आई-बाप फडावर आहेत हे समजूनही पथकाने कागद आपल्यापुढे धरला असेल, तर चूक त्यांची. अशा वेळी आजी-आजोबांचे काम सहीचे नसून राखणदाराचे असते. कागद ठेवून घ्यावा. मुलगा संध्याकाळी कोपीवर परतला की त्याला आणि सुनेला फोन लावावा, पथकातील माणसाला त्यांच्याशी बोलायला सांगावे, आणि त्यांची रीतसर संमती होईपर्यंत बाटली उघडू नये, शिरेतून रक्त घेऊ देऊ नये. आधी दिलेली सही आजही मागे घेता येते. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही आणि त्यामुळे अंगणवाडीचा आहार, लस वा सरकारी दवाखान्यातील उपचार यांपैकी काहीही बंद होत नाही. कोणी तसे सुचविले, तर तेवढ्यावरूनच अभ्यासाला नकार द्यावा.

एक गल्लत मात्र होऊ नये. आशाताईंची भेट, अंगणवाडीतील वजन, लसीकरण ही सेवा आहे. तेथे ‘आई-बाप आल्यावर पाहू’ म्हणून मुलाची लस चुकवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखी पाहणी निराळी. तीत उंची आणि वजन घेतात, तेही परवानगी विचारून. तिसरा प्रकार आपल्या पत्रातला. नवे औषध, नवा आहार वा नवी पद्धत लागू पडते का हे मुलांवर पाहणारा. खरा कस या तिसऱ्यात लागतो. दारात आलेल्याला पहिला प्रश्न हाच करावा: “आपण सेवेसाठी आलात, मोजायला आलात, की प्रयोगासाठी?” प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आपल्या हातातल्या त्या तीन पानांत काय पाहायचे तेही सांगतो. ते मराठीत असले पाहिजे आणि त्याची एक प्रत आपल्या घरी राहिली पाहिजे. त्यावर संस्थेचे नाव, मुख्य संशोधकाचा फोन आणि नीतिविषयक समितीचा वेगळा फोन असतो. तक्रार संशोधकाविषयीच असेल, तर हा दुसरा फोन उपयोगी. औषधाची चाचणी असेल तर देशाच्या नोंदपुस्तकातील तिचा क्रमांक मागावा. शाळेत जाणारी थोरली नात तो मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून दाखवील. अभ्यासामुळे मुलाला अपाय झाला, तर उपचाराचा खर्च कोणी करायचा हे त्यात लिहिलेले असते. ती ओळ सापडली नाही, तर सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

शेवटची गोष्ट मागण्याची, आणि ती मागताना मराठवाड्यातील माणूस उगाच संकोचतो. त्या दिवशी बोटातून जो थेंब घेतला त्याचे पुढे काय झाले, हे विचारणे आपला हक्क आहे. पाच वर्षांखालील मुलाचे हिमोग्लोबिन आजवर ११ ची खूण धरून पाहत आले आहेत; त्याहून कमी निघाले असेल, तर अभ्यासात राहा वा न राहा, नातवाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून लोहाचे औषध मिळाले पाहिजे. आणि अभ्यास संपल्यावर गावात येऊन, पारावर बसून, काय आढळले ते सांगून जा, असे पथकाला आजच बजावून ठेवावे. ग्रामसभेत सरपंचांनी हे लेखी मागितले तर अधिक उत्तम.

तर आजोबा, आज संध्याकाळी फोन लावावा. नातवाचे माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माचा दाखला आणि ही तीन पाने एका पिशवीत घालून शिधापत्रिकेजवळ ठेवावीत. सूनबाई उन्हाळ्यात परतल्या की ती पिशवी प्रथम त्यांच्या हाती द्यावी. आणि हिमोग्लोबिनचा आकडा कळला की मला पुन्हा एक पत्र टाकावे. त्या पत्रात या खेपेस स्वतःच्या प्रकृतीविषयीही चार ओळी असू द्याव्यात.